धातुशोधक यंत्र आणि भुईतला इतिहास

गुप्तधनाची गोष्ट ठाऊक नाही असे गाव महाराष्ट्रात सापडायचे नाही. कुठे पडक्या वाड्याच्या जोत्याखाली सात रांजण पुरलेले असतात, कुठे गढीच्या बुरुजात मोहरांचा हंडा असतो, आणि त्या हंड्यावर हटकून एक नाग राखण करीत बसलेला असतो. जो जन्मताना पायांकडून जन्मला तो पायाळू. त्याच्या डोळ्यांत अंजन घातले म्हणजे त्याला भुईच्या पोटातले धन दिसते, अशीही एक जुनी समजूत. या समजुतीपायी वाड्यांची जोती उखडली गेली, समाध्या फोडल्या गेल्या आणि क्वचित माणसांचे जीवही गेले. म्हणून तर महाराष्ट्राने २०१३ साली नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा केला, तेव्हा धनाच्या शोधासाठी केलेल्या अमानुष कृत्यांचाही त्यात समावेश करावा लागला.

आता काळ बदलला. पायाळू माणसाच्या जागी एक यंत्र आले आहे. हातात धरायची एक काठी, तिच्या खालच्या टोकाला ताटलीएवढे चकते, वर एक छोटी पेटी आणि कानाला लावायचा हेडफोन. काठी जमिनीलगत डावी-उजवीकडे हलवीत चालायचे. खाली धातू असला की कानात सूर उमटतो. याचे नाव धातुशोधक यंत्र, इंग्रजीतून आलेले नाव मेटल डिटेक्टर. हे अंजन मात्र खरे आहे. भुईत धातू असल्याचे ते खरोखर सांगते. पण ते नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट समजून घेतले नाही, तर खोट्या अंजनाने जेवढी हानी केली नाही तेवढी या खऱ्या अंजनाने होईल. आज त्याविषयीच दोन गोष्टी तुम्हांला सांगायच्या आहेत.

प्रथम यंत्राची करामत पाहू. शाळेतल्या गुरुजींना हे मुलांपुढे सहज मांडता येईल. त्या चकत्याच्या आत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सतत दिशा बदलणारा वीजप्रवाह सोडतात. त्यामुळे वेटोळ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि तेही सतत बदलत राहते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले. जमिनीतल्या नाण्यात किंवा खिळ्यात असा इवलासा प्रवाह फिरू लागला, की त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते वरच्या यंत्राचा तोल बिघडवते. तराजूच्या एका पारड्यात खडा पडावा तसे. तोल बिघडला की सूर वाजतो. इतकी साधी ही गोष्ट.

यावरून यंत्राच्या मर्यादाही उघड होतात. साधे हातातले यंत्र एखादे नाणे वीतभर खोलीपर्यंत ओळखते. मोठा हंडा असेल तर त्याहून अधिक. पण पन्नास फुटांवरचे सोने दाखवतो म्हणून कोणी यंत्र घेऊन दारात आला, तर खुशाल समजावे की तो भोंदू आहे. सोने आणि ॲल्युमिनियमचा पत्रा यांचा सूर पुष्कळदा सारखाच लागतो. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात आणि त्याच्या मातीत लोहाचे चुंबकीय खनिज असते, तेव्हा इथली जमीन स्वतःच यंत्राच्या कानात कुजबुज करते. नालेचा तुकडा, नांगराचा खिळा, बाटलीचे बूच, सारे काही वाजते. यंत्राला कळतो तो धातू. तो कोणाचा, केव्हाचा, कशासाठी पुरलेला, यांतले त्याला काहीही कळत नाही.

गंमत अशी, की ज्या प्रसंगांनी हे यंत्र जगापुढे आणले त्यांचा धनाशी काही संबंध नव्हता. ते प्रसंग होते माणसाचा जीव वाचवण्याचे.

२ जुलै १८८१ या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकात एका माथेफिरूने गोळ्या झाडल्या. एक गोळी पाठीतून आत शिरली आणि कुठे रुतली ते कळेना. क्ष-किरणांचा शोध अजून चौदा वर्षे दूर होता. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढे आले. दोन वेटोळी आणि टेलिफोनचा कर्णा यांची जुळणी करून त्यांनी शरीरातली गोळी हुडकणारे उपकरण सिद्ध केले. जुन्या युद्धात गोळी लागलेल्या एका सैनिकावर ते तपासूनही पाहिले. जुलैच्या अखेरीस आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या तारखेला बेल यांनी अध्यक्षांच्या अंगावरून ते फिरवले. पण खात्रीलायक खूण मिळाली नाही. एक तर खाली पोलादी तारांची गादी होती, आणि मुख्य वैद्यांनी शोध घेऊ दिला तो उजव्या बाजूला. गोळी निघाली डाव्या बाजूला, आणि तीही १९ सप्टेंबरला अध्यक्षांचा मृत्यू झाल्यावर, शवविच्छेदनात.

या कथेतले खरे मर्म पुढेच आहे. गारफील्ड गोळीने गेले असे सहसा आता कोणी मानीत नाही. गोळी हुडकण्यासाठी वैद्यांनी न धुतलेली बोटे आणि हत्यारे जखमेत वारंवार घातली, तिथे पू झाला आणि त्या विषाने ते गेले, असे आजचे वैद्यकीय मत आहे. म्हणजे गोळीपेक्षा तिच्यासाठी केलेली उकराउकर घातक ठरली. हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्याची पुन्हा गरज पडणार आहे.

पुढे गेरहार्ड फिशर नावाच्या जर्मन अभियंत्याने अमेरिकेत विमानांसाठी दिशा दाखवणारी रेडिओ यंत्रे बनवली. धातूच्या मोठ्या वस्तूंजवळून किंवा खनिज असलेल्या जमिनीवरून जाताना ही यंत्रे चुकतात असे त्याच्या ध्यानात आले. दुसऱ्याने ती खोड म्हणून सोडून दिली असती. त्याने त्या चुकीचाच उपयोग करून धातू शोधणारे उचलते यंत्र बनवले आणि १९३७ साली त्याचे पेटंट मिळवले.

मग आले दुसरे महायुद्ध आणि त्याबरोबर भूसुरुंग. आपल्या जवानांनाही या पुरलेल्या मरणाची ओळख लवकरच झाली. १९४१ च्या प्रारंभी पूर्व आफ्रिकेत खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या एका कंपनीतले तरुण अधिकारी प्रेमिंद्र सिंग भगत यांनी सलग चार दिवस, पंचावन्न मैलांच्या वाटेवर, आघाडीच्या गाडीत बसून पंधरा ठिकाणचे सुरुंग शोधून काढवले. गाडी खाली उडाली तरी ते थांबले नाहीत. एका कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी काम दुसऱ्यावर सोपवले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये आश्रयाला आलेल्या पोलिश सैन्यातला योझेफ कोसाट्स्की नावाचा लेफ्टनंट एका यंत्राच्या खटपटीत होता. १९४१-४२ च्या हिवाळ्यात त्याने एका माणसाला उचलून चालवता येईल असे सुरुंगशोधक यंत्र तयार केले. घरची माणसे जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये अडकलेली, म्हणून युद्धकाळात त्याचे नाव गुप्त ठेवण्यात आले. ऑक्टोबर १९४२ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात एल् अलामेनची मोठी लढाई झाली, तेव्हा अशी पाचशे यंत्रे तिथे धाडली होती. यंत्राने सुरुंग काढण्याची गती जवळपास दुप्पट झाली.

आता हा जवान काम कसे करतो ते पाहा. कानात सूर आला की तो कुदळ मारीत नाही. तो थांबतो. जागेवर खूण करतो. मग पोटावर झोपून, संगीन तिरकी धरून, बोटाबोटाने माती चाचपतो. यंत्राने सांगितले ते एवढेच, की ‘इथे काहीतरी आहे’. यापुढचे काम धीराचे आहे. सुरुंगाशी घाई केली तर आपला जीव जातो, म्हणून जवान धीर धरतो. पुरलेल्या इतिहासाशी घाई केली तर आपल्याला काहीच होत नाही. जीव जातो तो इतिहासाचा, आणि त्याचा आवाजही होत नाही.

युद्ध संपले. पुढे ट्रान्झिस्टर आले, यंत्र हलके आणि स्वस्त झाले आणि इंग्लंड-अमेरिकेत हौशी लोकांच्या हाती पडले. तिथले तीन दाखले मी तुमच्यापुढे ठेवतो. यंत्र तेच, हात मात्र निरनिराळे.

पहिला दाखला वाईट. इंग्लंडच्या सरे परगण्यात वॉनबरो नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतात रोमन काळातल्या देवळाची जागा होती. १९८० नंतरच्या काही वर्षांत तिथे नाण्यांचा पत्ता लागल्याची बातमी फुटली आणि रात्रीच्या रात्री टोळ्या यंत्रे घेऊन शेतात उतरल्या. हजारो नाणी खणून नेली आणि ती बाजारात कुठल्या कुठे गेली. अभ्यासकांच्या वाट्याला आली ती खड्ड्यांनी चाळण झालेली जमीन. या लुटीने इतका गहजब झाला, की १९९६ साली ब्रिटनने गुप्तधनाचा जुना कायदा बदलून नवा केला.

दुसरा दाखला चांगला. १६ नोव्हेंबर १९९२. सफक परगण्यातल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या परिचयाच्या एका निवृत्त माळ्याला यंत्र घेऊन बोलावले. हातोडा शोधता शोधता यंत्र वाजले ते चांदीच्या आणि सोन्याच्या नाण्यांवर. त्या दोघांनी थोडेफार वर काढले. पण खाली आणखी पुष्कळ आहे असे दिसताच हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी येऊन जपून खणले. नाणी निघाली चौदा हजारांहून अधिक. त्याशिवाय सोन्याच्या बांगड्या, चांदीचे चमचे, मिरीची सुबक डबी. परंतु याहून मोलाचे काय निघाले असेल? कुजून गेलेल्या लाकडी पेटीचा मातीतला ठसा, आतल्या छोट्या डब्यांची इवलीशी चांदीची कुलुपे, भांडी एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये घातलेले गवत. त्यावरून कळले, की हे धन कोणी धांदलीत फेकलेले नव्हे. नीट नेटके बांधून, पुन्हा येऊन काढण्याच्या आशेने पुरलेले होते. सर्वांत अलीकडची नाणी इसवी सन ४०७-४०८ ची, म्हणजे ब्रिटनवरचा रोमन अंमल मोडकळीस आला त्या काळची. कोणा कुटुंबाची ती आशा सोळाशे वर्षे मातीत तशीच राहिली. ठेव्याची रीतसर किंमत ठरली साडेसतरा लाख पौंड. ती शोधणाऱ्याने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. आणि तो हातोडा? तोही सापडला, आणि ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला!

तिसरा दाखला अमेरिकेतला. माँटाना प्रांतात लिटल बिगहॉर्न नदीकाठी जून १८७६ मध्ये लाकोटा आणि शायान या मूळच्या रहिवाशांनी जनरल कस्टरच्या फौजेचा धुव्वा उडवला. कस्टर आणि त्याच्याबरोबरची सारी तुकडी कापली गेली, तेव्हा लढाईची हकिगत सैन्याच्या बाजूने सांगायला कोणी उरले नाही. आणि जिंकलेल्यांच्या सांगण्यावर गोऱ्यांनी पुरता विश्वास ठेवला नाही. १९८३ साली तिथले गवत वणव्याने जळाले आणि जमीन उघडी पडली. पुढल्या दोन उन्हाळ्यांत पुरातत्त्वज्ञांनी यंत्रवाले स्वयंसेवक ओळीने चालवले. जिथे सूर आला तिथे झेंडी रोवली. प्रत्येक काडतूस, प्रत्येक गोळी जागेवरच ठेवून तिची जागा नकाशावर मांडली आणि मगच उचलली. काडतुसावर बंदुकीच्या घोड्याची खूण उमटलेली असते. त्या खुणा जुळवून एक एक बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली, हे शंभर वर्षांनी दाखवता आले. लाकोटा-शायानांपाशी एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या रायफली पुष्कळ होत्या, हेही उघड झाले. भंगारात किलोवर विकल्या जातील अशा त्या पितळेच्या नळकांड्या; पण जागेसकट सापडल्या म्हणून साक्षीला उभ्या राहिल्या.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. यंत्रे नव्हती तेव्हाही आपल्या भुईने अशी साक्ष दिली आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा ठेवा मिळाला. नाणी तेरा हजारांहून अधिक, आणि सारी क्षहरात राजा नहपान याची. त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या मुखवट्यावरच गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप पुन्हा मारलेला! सातवाहनांनी क्षहरातांचे निर्मूलन केले, असे नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतो. पण आईने आणि नातवाने कोरवलेल्या लेखात मुलाची थोरवी असायचीच, असे कोणी म्हणाला असता तर? हा ठेवा म्हणजे त्या लेखाचा पुरावा. जित्या राजाने हरलेल्या राजाचे चलन घेतले आणि त्यावर आपली मोहोर उठवली. आता विचार करा, ही नाणी सापडल्या दिवशीच दहा-दहा, वीस-वीस करून सराफकट्ट्यावर गेली असती, तर? चांदी तेवढीच भरली असती. पण ‘तेरा हजारांत किती’ हा हिशेब, म्हणजेच इतिहास, वितळून गेला असता.

दुसरे उदाहरण प्रवरेच्या काठचे, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या मुळाशी खणताना ब्राँझच्या चार वस्तू लागल्या. बैलजोडीचा रथ आणि त्यात उभा सारथी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. मिळून साठ किलोंहून अधिक वजन. त्या भट्टीत न जाता अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या, हे आपले मोठे भाग्य. तज्ज्ञांपैकी बरेच जण त्यांना उत्तर-हडप्पा काळातल्या, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. पण धातूत मिसळलेल्या सोमलावरून त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात, असेही एक मत पुढे आले. हा वाद का उरला? त्या निघाल्या तेव्हा भोवतालचा थर पाहायला, त्यातले खापर आणि कोळसा टिपून ठेवायला तिथे कोणी नव्हते. यात त्या शेतकऱ्याचा काडीचाही दोष नाही. मी सांगतो ते एवढ्यासाठी, की एवढ्या अद्भुत वस्तू हाती असूनही, मातीची साक्ष नसली की पंडितांनाही चाचपडावे लागते.

आपल्या गावाच्या कडेला पांढर असते. जुने गावठाण, राखेची आणि कुजक्या विटांची भुरकट माती. खत म्हणून ती आपण गाड्या भरभरून नेतो. तिच्यात खापराचे तुकडे, शंखाच्या बांगड्या, चुलींची राख, दाण्यांची पेवे यांचे थर पोथीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले असतात. धातुशोधक यंत्राला यांतले काहीच ऐकू येत नाही. ते पोथीतली फक्त सोनेरी अक्षरे ओळखते. आणि ती कुरतडून घेण्यासाठी माणूस खालची-वरची सारी पाने फाडतो. किल्ल्यांवरही तेच. असईच्या रानात १८०३ साली शिंदे-भोसल्यांच्या फौजा वेलेस्लीशी झुंजल्या. अशा रणभूमीवरची एकेक शिशाची गोळी, ती जिथे आहे तिथे असेपर्यंत पुरावा असते. खिशात गेली की नुसते शिसे.

आता तुम्ही विचाराल, आम्हांला नांगरताना, विहीर खणताना काही लागलेच तर काय करावे? कायदा जुना आहे, पण समजायला सोपा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही भुईत सापडले, तर काय मिळाले, कुठे आणि कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे आणि वस्तू सरकारी खजिन्यात द्यायची किंवा तिच्याबद्दल जामीन द्यायचा. चौकशीअंती ठेवा बेवारस ठरला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला चौथा. सरकारने तो इतिहासासाठी ठेवून घेतला, तर धातूच्या मोलावर आणखी एक-पंचमांश रक्कम. म्हणजे ‘सरकार सगळे फुकट नेते’ ही समजूत खरी नव्हे. लपवले, तर मात्र हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैद किंवा दंडही होऊ शकतो. संरक्षित किल्ले, लेणी, टेकाडे यांच्या आवारात परवान्याशिवाय खणणे १९५८ च्या केंद्राच्या आणि १९६० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने गुन्हा आहे. मग हातात यंत्र असो की पहार.

कायद्याच्या आधी मात्र चार साध्या गोष्टी. हात थांबवा. निघालेली वस्तू घासूनपुसून लखलखीत करू नका. बाकीचे जिथे आहे तिथेच राहू द्या, जागेवर खूण करा. आणि तलाठ्यामार्फत तहसीलदाराला किंवा जवळच्या पुरातत्त्व कार्यालयाला कळवा. गुरुजींना माझी विशेष विनंती आहे. मुलांना सहलीला गडावर न्याल, तेव्हा मातीतला एक खापराचा तुकडा दाखवा, आणि तो पुन्हा तिथेच ठेवायला लावा. मुले विचारतील, ‘का ठेवायचा?’ त्या प्रश्नाचे उत्तर देताना इतिहासाचा अर्धा धडा शिकवून होईल.

धातुशोधक यंत्र वाईट नाही. त्याने रणांगणावर जीव वाचवले आहेत, आणि जाणत्याच्या हाती ते आजही मुक्या भुईला बोलते करते. पण ते बोट दाखवते एवढेच. बोट दाखवले तिथे कुदळ घालायची की खूण करून थांबायचे, हे ठरवायचे काम आपले आहे. आपल्या पूर्वजांनी जे पुरले ते एकदाच काढता येते. दुसऱ्यांदा पुरायला ते काही परत येणार नाहीत.